पियानोचे पेडल आणि नाट्यसंगीतातील ऑर्गन : नादपरिणामांच्या यंत्रणेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी संगीत नाटकाचा इतिहास प्रामुख्याने नाटककार, गायक-नट आणि पदांच्या चाली यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. साथीच्या वाद्यांची अंतर्रचना आणि तिचा गायनाशी असलेला संबंध यांचा विचार त्या मानाने कमी झाला. प्रस्तुत लेखात पियानो व ऑर्गन या दोन वाद्यांतील नादपरिणामांच्या यंत्रणांची तुलना करून, त्यांपैकी ऑर्गनच मराठी रंगभूमीवर का रुजला, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पियानोतील नादपरिणाम

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नातील काही पियानोंना पाच-सहा पेडल असत. तुर्की लष्करी संगीताच्या तत्कालीन आकर्षणामुळे एका पेडलने वाद्यातीलच ढोल व घंटा वाजत. दुसऱ्याने खर्जाच्या तारांवर कागदाची पट्टी टेकून घरघरता आवाज निघे. पुढे घरोघरी पोहोचलेल्या उभ्या पियानोत डाव्या पेडलने हातोड्या तारांजवळ येऊन आघात सौम्य होई. काही वाद्यांत धातूचे तुकडे लावलेल्या पट्ट्या हातोडी व तार यांच्यामध्ये उतरत. न्यूयॉर्कच्या ‘विंग अँड सन’ने अशा यंत्रणेची जाहिरात मँडोलिन, गिटार, हार्प, झिदर व बँजो यांचे अनुकरण म्हणून केली. मात्र या सर्व युक्त्यांनी नादाचा रंग बदलला, नादाचा स्वभाव नाही. आघात होताच पियानोचा स्वर विरू लागतो. त्याला पुन्हा फुगवता येत नाही.

ऑर्गनची रचना

१८४० च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी हार्मोनिअम सिद्ध केले. त्यात भात्याची हवा सुरांतून बाहेर ढकलली जाते. अमेरिकन ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून त्याचा स्वर अधिक मऊ असतो. दोन्ही पायांनी भाता चालत असल्याने हात मोकळे राहतात. समोरच्या खुंट्या ओढून सुरांचे वेगवेगळे संच जोडता येतात. कपलरमुळे एक पट्टी दाबली असता सप्तकांतराचा स्वरही वाजतो. ‘व्हॉक्स ह्युमाना’ या खुंटीने हवेवर फिरणारा छोटा पंखा स्वराला कंप देतो. सर्वांत महत्त्वाची म्हणजे गुडघ्याने सरकवायची पट्टी. तिने झडपा उघडतात व वाजत असलेला स्वर हात न उचलता वाढवता वा ओसरवता येतो.

रंगभूमीवरील उपयोग

१८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सुरू झालेल्या परंपरेत पुढे हार्मोनिअमचे महत्त्व वाढले. ‘मानापमाना’ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित हार्मोनिअमवादक होते. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे बालगंधर्वांच्या गायनाला हरिभाऊ देशपांडे यांची ऑर्गनची साथ लाभली. ध्वनिक्षेपकाविना मोठ्या नाट्यगृहात गाणाऱ्या नटाला अखंड आधारस्वर हवा असे. तो त्याच्या आवाजाबरोबर चढावा आणि गद्य सुरू होताच ओसरावा, अशी अपेक्षा असे. पाय, हात व गुडघा यांच्या एकत्रित व्यापारातून ऑर्गन ही गरज भागवी. नाशिकच्या प्रा. वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’च्या (१९६४) काळातही संगीत नाटकात ऑर्गन-तबल्याची साथ टिकून होती.

मर्यादा

या वाद्यावरील आक्षेपही सयुक्तिक आहे. गुडघ्याची पट्टी स्वराची तीव्रता बदलते, त्याचे स्थान नाही. त्यामुळे मींड व श्रुतिभेद त्यातून निघत नाहीत. हार्मोनिअमवरील अशाच आक्षेपांतून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने त्या वाद्यावर बंदी घातली होती. रंगभूमीने मात्र ऑर्गनकडे मींडेची मागणी केली नाही. ती गळ्याकडे राहिली आणि भरणा ऑर्गनकडे आला.

निष्कर्ष

पियानोचे पेडल अनुकरणासाठी होते, ऑर्गनची पट्टी अनुसरणासाठी उपयोगी पडली. साथीच्या कलेला दुसरा गुण अधिक हवा असतो. ऑर्गन येथे रुजण्याचे एक प्रमुख कारण यातच आहे. जुन्या वाद्याची नोंद केवळ ‘ऑर्गन, एक नग’ अशी करणे म्हणूनच पुरेसे नाही. खुंट्यांची नावे, सुरांचे संच, कपलर व पट्टीची स्थिती यांची नोंद व्हावयास हवी. दुरुस्तीच्या वेळी काढून टाकलेला भाग परत मिळत नाही, आणि त्याच्याबरोबर त्या काळच्या गायनाचा एक पुरावाही नाहीसा होतो.