काळ्या पाषाणातील शिंपले : सीमाभागातील लुप्त तळ्यांची साक्ष

निपाणी-बेळगावचा सीमाभाग प्रामुख्याने बेसाल्टाच्या काळ्या खडकावर वसला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, लाव्हाचे थर एकावर एक पसरून हा खडक तयार झाला. तप्त लाव्हात प्राण्यांचे अवशेष टिकत नाहीत. तरीही या खडकाच्या प्रदेशात शिंपल्यांचे जीवाश्म आढळतात. कारण दोन उद्रेकांमध्ये दीर्घ खंड पडे. निवालेल्या लाव्हाच्या खोलगट भागांत पाणी साचून तळी होत, त्यांत गाळ बसे आणि पुढचा लाव्हा तो झाकून टाकी. अशा पातळ थरांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. गोकाक तालुक्यातील ममदापूर येथील थर यांपैकीच होय. रॉबर्ट ब्रूस फूट यांचा दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. या भागाच्या अभ्यासाचा तो पाया मानला जातो.

दगडात शिंपला दिसला की ‘येथे पूर्वी समुद्र होता’ असे सर्रास म्हटले जाते. येथे ते चुकीचे ठरते. या थरांतील ‘युनिओ’ गटाचे शिंपले गोड्या पाण्यातील आहेत. ‘युनिओ डेक्कनेन्सिस’ हे नाव सोवर्बी यांनी माल्कमसन यांच्या १८४० च्या शोधनिबंधात दिले. पुढे १८६० मध्ये स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातील जातींचे वर्णन केले. मात्र त्यांनी हे थर क्रिटेशसनंतरच्या तृतीयक काळातील मानले होते. हा वाद दीर्घकाळ चालला. आज बहुतेक थर क्रिटेशसच्या अखेरचे मानले जातात.

या गटाच्या आजच्या शिंपल्यांची पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. पूर्वजांचीही रीत तीच असेल, तर त्या तळ्यांत मासे असलेच पाहिजेत.

खरे सागरी शिंपले पाहायचे तर नर्मदा खोऱ्यातील बाघ किंवा तमिळनाडूतील अरियलूर गाठावे लागते. तेथे सापडणारा ‘इनोसेरॅमस’ क्रिटेशससोबतच इतिहासजमा झाला. गोड्या पाण्यातील युनिओचे कुळ मात्र तगले. भारतातील नद्या-तळ्यांत त्याचे वंशज आजही आहेत. गोकाकच्या धबधब्याचा वालुकाश्म तर शिंपाधारी प्राणी अवतरण्यापूर्वीचा; त्यात शिंपले शोधणे व्यर्थ.

आंतर-ट्रॅपी थर पातळ असल्याने खाणीत बेसाल्टाबरोबर सहज फुटून खडी होतो. थरातून सुटलेला, स्थळाची नोंद नसलेला शिंपला अभ्यासकाला फारसे काही सांगू शकत नाही.