रकाना: शेतकरी

फोनवर जपानचा नकाशा उघडा आणि फोन उलटा धरा. आशिया खंड खाली येईल, जपानची बेटं वर कमान करून बसतील आणि मधला जपानचा समुद्र एखाद्या मोठ्या तळ्यासारखा दिसेल. वरच्या काठावरून या तळ्यात एक आकडा लोंबतोय. तो नोतो द्वीपकल्प, सुमारे शंभर किलोमीटर लांब. नकाशा सरळ धरला की हाच आकडा टोकियोच्या परसातला अडगळीचा कोपरा वाटतो. उलटा धरला की तो भर रस्त्यात उभा असतो.

आणि तो रस्ता खरंच वाहता होता. समुद्रापलीकडच्या बोहाई राज्याचे दूत इकडच्या किनाऱ्यावर उतरायचे. त्यांच्यासाठी नोतोत अतिथिगृह बांधायचा हुकूम ८०४ साली निघाला होता. नोतोच्या वाजिमा बंदरापासून उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर हेगुराजिमा हे चिमुकलं बेट आहे. वाजिमाच्या 'आमा', म्हणजे नळकांडी न लावता बुडी मारून शंख-शिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायका, पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला जायच्या. पुढे एदो काळात ओसाका ते होक्काइदो ये-जा करणारी 'कितामाएबुने' जहाजं इथल्या बंदरांत थांबायची. ती नुसता माल वाहायची नाहीत, तर बंदराबंदरात खरेदी-विक्री करत जायची.

तरीही नोतो म्हणजे मागासलेल्या, गरीब शेतकऱ्यांचा मुलूख, असंच बराच काळ मानलं गेलं. असं का झालं, हे मला इतिहासकार आमिनो योशिहिको (१९२८–२००४) यांच्यामुळे कळलं. त्यांची गोष्ट सुरू होते ती एका लाजिरवाण्या चुकीपासून. दुसऱ्या महायुद्धानंतर ते एका संशोधन संस्थेत नोकरीला लागले. ही संस्था देशभरातल्या कोळीवाड्यांतून जुने कागद अभ्यासासाठी उसने आणत होती. प्रकल्पाचे पैसे आटले, काम थांबलं आणि कागद तसेच पडून राहिले. आमिनोंनी पुढे अनेक वर्षं घरोघरी जाऊन माफी मागत ते परत केले आणि त्या प्रवासावर १९९९ मध्ये पुस्तकही लिहिलं.

या परतफेडीच्या फेऱ्यांमध्येच नोतोतल्या तोकिकुनी घराण्याशी त्यांचा संबंध जुळला. ११८५ मध्ये हद्दपार होऊन इथे आलेल्या ताइरा नो तोकितादाचे आपण वंशज, असं हे घराणं सांगतं. अभ्यासकांच्या लेखी ते होतं शेकडो नोकर राबवणारं जुन्या वळणाचं बडं शेतकरी घर. १९८०च्या दशकात आमिनो आणि सहकाऱ्यांनी कागद पुन्हा तपासले. ही मंडळी मोठी जहाजं बाळगून होती, होक्काइदोकडचं कोंबू शेवाळ ओसाकाच्या बाजूला नेऊन विकत होती, मीठ पिकवत होती, खाणीत हात घालून बघत होती.

सगळ्यात गमतीचा कागद कर्जाचा आहे. इतक्या श्रीमंत घराण्याने शिबाकुसाया नावाच्या माणसाकडून १०० र्यो घेतले होते. सरकारी नोंदीत या सावकाराचा दर्जा काय? 'आतामाफुरी'. म्हणजे भूमिहीन, इतर प्रांतांत ज्याला 'मिझुनोमी' (शब्दशः 'पाणी पिणारा') म्हणायचे तो. शिबाकुसाया जहाजांचा व्यापारी होता. त्याच्याकडे जमीन नव्हती, कारण त्याला ती नकोच होती! १८व्या शतकात वाजिमात सुमारे ७० टक्के घरं याच वर्गात मोडत होती. आता वाजिमा हे लाखेच्या भांड्यांचं आणि जहाजांचं गाव. नुसता आकडा वाचणाऱ्याला मात्र ते भिकेला लागलेलं दिसणार.

'ह्याकुशो' या शब्दाचंही तेच. आपण त्याचं भाषांतर 'शेतकरी' करतो, पण त्याची चित्रलिपी म्हणते 'शंभर आडनावं', म्हणजे सामान्य रयत. कर भाताच्या मापात मोजला जाई, म्हणून खलाशी, मीठवाले, सुतार सगळे एकाच रकान्यात. मेइजी सरकारने नोंदवह्या केल्या तेव्हा त्या रकान्यावर 'शेती' असं लिहिलं गेलं.

मी दिवसभर डेटाबेस सांभाळतो. तिथे भरलेला रकाना बरोबरच आहे असं धरून पुढे जायची सवय लागते. माझ्या आजोबांच्या सगळ्या कागदांवर व्यवसाय 'शेती' आहे. ते तीस वर्षं मुंबईत गिरणीत होते. गावी फक्त गणपतीला यायचे. उद्या कुणी त्या कागदांवरून आलेख काढला तर तो चुकीचा असेल आणि ते त्याला कळणारही नाही.

तोकिकुनींचा व्यापार इतकी वर्षं दिसला नाही, त्याचं कारण मला फार आवडतं. जमीन आणि कराचे कागद महत्त्वाचे, म्हणून ते कोठारात जपले गेले. जहाजांचा हिशेब, मालाची पत्रं ही काम झालं की रद्दी. ती रद्दी सरकत्या दारांच्या आत अस्तर म्हणून चिकटवली जायची. नोतोचा समुद्र असा दारांच्या पोटात सापडला. टाकून दिलेल्या लॉग फाइल्समधून खरा सिस्टिम कळावा, तसा.

१ जानेवारी २०२४ ला नोतोत ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. वरच्या शाखेचं १९व्या शतकातलं भव्य तोकिकुनी घर कोसळलं. नंतर त्या ढिगाऱ्यातून कागद पुन्हा एकदा बाहेर काढावे लागले. किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला. वाजिमा बंदराचा तळही वर आला आणि मासेमारीच्या बोटी जागच्या जागी अडकून पडल्या. पश्चिमेला कुरोशिमा हे कितामाएबुनेच्या मालकांचं जुनं गाव आहे. तिथल्या बंदरात आता पाणीच नाही. धक्का आहे, बोटी बांधायचे खुंट आहेत आणि त्यांच्या पायाशी कोरडा पडलेला समुद्रतळ.