बारा बोअर ते .315 : चांद्याच्या रानातील एका काडतुसाची कहाणी

शिकारीची पुस्तके वाचताना एक गोष्ट आपण सारेच करतो: आकडे गाळतो. ‘.275’, ‘.450/400’, ‘बारा बोअर’ असे काही दिसले की डोळा पुढच्या वाक्यावर उडी मारतो. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. वाघ मचाणाखाली आलेला असताना नळीच्या व्यासाचा हिशेब कोण करीत बसणार? पण चांदा-गडचिरोलीकडील जंगलांसंबंधी जुने लेखन एकत्र लावून वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की लेखकाने जे सांगायचे टाळले आहे, ते पुष्कळदा या आकड्यांतच शिल्लक राहिले आहे. रानात कोणाला कोणत्या अधिकाराने जाता येत होते, कोणाच्या हातात काय होते, आणि चुकलेल्या गोळीची किंमत कोणी मोजली, हे त्यांतून कळते.

आरंभ जेम्स फोर्सिथपासून करावा लागतो. 1861 साली मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि चांदा जिल्हा त्यात गेला. या प्रांतातल्या सातपुड्याच्या भागात वनाधिकारी व मुलकी अधिकारी म्हणून फोर्सिथ वावरला. पचमढीला त्याने 1862 साली बांधलेला ‘बायसन लॉज’ पर्यटक आजही पाहतात. त्याचे ‘द हायलंड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक 1871 साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. इंग्रजी वनसाहित्याच्या अभ्यासकांना हे पुस्तक ठाऊक असते. परंतु त्याआधी, 1860च्या दशकात, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, त्याकडे साहित्याचे विद्यार्थी फिरकत नाहीत. आमच्या मते ‘हायलंड्स’चे गद्य ज्या नजरेने घडले, ती नजर या तांत्रिक ग्रंथात तयार झाली. अंतर जोखणे, झुडपाआडच्या अंगाचा अंदाज घेणे, जनावर कोणत्या बाजूने पडेल ते आधी ओळखणे हे वर्णनकाराचे गुण आहेत, तसेच नेमबाजाचेही.

फोर्सिथचा प्रश्न साधा होता. मध्य हिंदुस्थानच्या रानात गोळी फार लांबून झाडायची नसते. सागाच्या आणि बांबूच्या दाटीत शंभर यार्डांपलीकडे काही दिसतच नाही. मग लांब पल्ल्यासाठी घडवलेली, वेगाने फिरणारी लांबट गोळी येथे काय कामाची? त्याचे उत्तर होते मोठ्या नळीची रायफल, भरपूर दारू आणि शिशाचा गोल गोळा. गोल गोळ्याला स्थिर राहण्यासाठी फारशी फिरकी लागत नाही. उलट नळीतील आटे जलद वळणारे असले आणि दारू जास्त भरली, तर गोळा आट्यांवरून घसरतो. म्हणून त्याने अतिशय संथ वळणाचे आटे सुचवले. येथे ‘बोअर’ या शब्दाचा अर्थही सांगून टाकावा, कारण पुष्कळांना तो इंचांचा आकडा वाटतो. नळीच्या व्यासाएवढे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरले, की ती नळी बारा बोअर. म्हणजे प्रत्येक गोळा सुमारे 38 ग्रॅमचा, आणि व्यास साडेअठरा मिलिमीटर. आकडा जितका लहान, नळी तितकी मोठी.

पुढच्या चाळीस वर्षांत हे सारे उलटेपालटे झाले. 1870च्या दशकात ‘एक्स्प्रेस’ रायफली रुळल्या: हलकी गोळी, पुष्कळ काळी दारू, अधिक वेग. हे नाव आगगाडीवरून आलेले. मग 1880च्या दशकाअखेरीस धूर न करणारी दारू आली, आणि तिने शिकारीचा अनुभवच बदलून टाकला. काळ्या दारूचा बार काढल्यावर शिकाऱ्यापुढे धुराचा पडदा उभा राहत असे. जुन्या वर्णनांत ‘धूर विरल्यावर पाहतो तो’ या धर्तीचे जे कुतूहल आढळते, ते लेखकाने योजलेले नाही. दारूने लादलेले आहे. नवी दारू आली आणि कथनातला तो क्षणभराचा पडदा नाहीसा झाला. शिकारकथेच्या शैलीचा इतिहास लिहिणाऱ्याने रसायनशास्त्रालाही एक परिच्छेद द्यायला हवा, असे आम्हांस वाटते.

नव्या दारूमुळे लहान व्यासाची गोळी पुरेशी झाली, आणि ‘मध्यम बोअर’ म्हणून जो वर्ग ओळखला जातो, तो याच काळात आकाराला आला. ढोबळमानाने .300 ते .400 इंच. आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी माळावरची हरणे आणि धोक्याची जनावरे असे दोन भाग पाडले आणि त्यांप्रमाणे काडतुसे वाटली. आपल्याकडे ती वाटणी तशीच्या तशी बसत नाही. चांद्याच्या रानात एकाच हाक्यात चितळ, सांबर, रानडुक्कर, अस्वल आणि वाघ यांपैकी काहीही पुढे येऊ शकते. काळवीट मोकळ्या मुलखात, लांबून टिपायचे. सांबर मात्र दाटीत, तीस पावलांवर. काळवीट पस्तीस-चाळीस किलोचे, थोराड सांबर किंवा रोही दोनशेच्या पुढे, आणि गवा त्याच्या चौपट. एकाच रायफलीने हे सारे करायचे तर गोळी वेगवान हवी, जडही हवी, आणि हाडावर आदळून फुटून जाणारी नको. जिम कॉर्बेटच्या हातातली .275 ही लहान, वेगवान काडतुसाची रायफल याच चर्चेतून समजून घ्यावी लागते. जोडीला तो .450/400 ही जड दुनळी बाळगत असे. 1912 साली हॉलंड अँड हॉलंडने .375 काढली आणि ‘एकच रायफल बाळगायची तर कोणती’ या वादात बहुतेकांनी तिला कौल दिला.

इथवर ही तंत्राची कथा झाली. पण .318, .333, .350, .470 अशा विचित्र आकड्यांची ही दाटी झाली कशी? बंदुका करणाऱ्यांची आपसातली चढाओढ हे एक कारण होतेच. दुसरे कारण हिंदुस्थान सरकार. लष्कराची रायफल .303 होती, त्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी.450ची. चोरलेली किंवा विकत घेतलेली खासगी काडतुसे सरहद्दीवर वा बंगाल्यात सरकारविरुद्धच वापरली जातील, या भीतीने लष्करी मापाच्या दारूगोळ्यावर बंधने आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .450ची आयात बंद होताच इंग्लंडातल्या कारखान्यांनी .465, .470, .475 अशी जवळपासची मापे काढली. म्हणजे लंडनच्या दुकानात ज्याला सुरुचीचा प्रश्न समजले जाई, तो बऱ्याच अंशी 1857च्या आठवणीने ठरवलेला होता.

आणखी एक विसंगती याच काळातली. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात 1890च्या दशकात टोक उघडे ठेवलेली, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. 1899च्या हेगच्या परिषदेने तसली गोळी युद्धात वापरण्यास मनाई केली. रानात मात्र हीच मऊ टोकाची गोळी सभ्यपणाचे लक्षण ठरली, कारण पूर्ण कवचाची गोळी हरणाच्या अंगातून आरपार जाते आणि जनावर तडफडत मैलभर पळते. जे माणसाला क्रूर, ते जनावराला दयाळू. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो करणाऱ्यांना दयेची ही भाषा किती सहज जमत असे, हे मात्र नोंदवावेसे वाटते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. 1878च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. युरोपीयांना त्यातून दीर्घकाळ सूट होती. शेतकऱ्याला मिळालीच तर ठासणीची बंदूक मिळे, पीकराखणीसाठी. झाडीपट्टीत तिला ‘भरमार’ म्हणतात. तोंडाकडून दारू भरायची, चिंधी कोंबायची, वर शिशाचे तुकडे, आणि गजाने ठासायचे. ती पुन्हा भरीपर्यंत रानडुक्कर धानाच्या बांधीतून निघून गेलेले असे, किंवा भरणाऱ्याच्या अंगावर आलेले असे. स्वातंत्र्यानंतरचा 1959चा शस्त्रकायदा वाचताना आम्ही चकित झालो. त्याच्या तेराव्या कलमात परवान्यांची जी वाटणी आहे, तीत संरक्षण वा शिकार यांसाठी किमान वीस इंच नळीची, आटे नसलेली बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक असा भेद स्पष्ट शब्दांत केलेला आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच शेतकऱ्याला दुसरी. जनावर एकच, पण छंद म्हणून मारणाऱ्याचे हत्यार निराळे, आणि पोटासाठी हाकलणाऱ्याचे निराळे.

या भेदाची किंमत रानाने मोजली आणि रानाकाठच्या गावांनीही. अपुऱ्या हत्याराने जनावर मरत नाही, जखमी होते. कॉर्बेटने चंपावतच्या वाघिणीच्या तोंडातले उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले पाहिले आणि ते जुन्या गोळीचे काम असल्याचे लिहिले. ती नरभक्षक का झाली, याचे उत्तर त्याने त्या तोंडात शोधले. ती गोळी कोणत्या नळीतून सुटली होती, हे कोणालाच कळणार नाही.

हिंदी मध्यमवर्गीय शिकाऱ्याच्या हाती अखेर जे काडतूस आले, ते .315. त्याची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. 1888 साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी केलेले आठ मिलिमीटरचे मॅनलिखर काडतूस. ते साम्राज्य 1918 साली लयाला गेले. परंतु हिंदुस्थानात ते लष्करी माप नव्हते, म्हणून परवान्याला चालणारे होते. बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर त्या मापाची शिकारी रायफल केली, आणि काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याने भरली. गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅम. जड, संथ, मऊ टोकाची. जाणकार नाके मुरडत. पण शंभर यार्डांच्या आतल्या चितळ-सांबराला ती पुरेशी होती, आणि फोर्सिथने नव्वद वर्षांपूर्वी मांडलेला जड-गोळीचा मुद्दा कोणाच्या ध्यानीमनी नसताना पुन्हा खरा ठरत होता. स्वातंत्र्यानंतरची वीसेक वर्षे नागपुराहून परदेशी पाहुण्यांना रानात नेणाऱ्या शिकार-कंपन्या चालत. पाहुण्यांपाशी .375 आणि बरोबरच्या देशी शिकाऱ्यापाशी .315, हा त्या काळचा परिचित जोड.

भामरागडच्या माडियांना या वंशावळीत स्थान नाही. त्यांचा बाण बिनआवाजाचा आणि बिनपरवान्याचा. हेमलकशाला 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर प्रकाश आमटे यांना मारलेले माकड घेऊन निघालेले शिकारी भेटले. मेलेल्या आईला चिकटलेले जिवंत पिलू त्यांनी मागून घेतले, आणि तेथल्या प्राणी-अनाथालयाचा आरंभ झाला, ही हकीगत मराठी वाचकाला ‘प्रकाशवाटा’मुळे माहीत आहे. आम्हांस त्यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की तेथे शिकार हा निवडीचा विषयच नव्हता. कोणते काडतूस घ्यावे हा प्रश्न पडायला आधी पोट भरलेले लागते.

ताडोब्यात शिकारबंदी 1935 साली आली, 1955 साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. 1972च्या कायद्याने देशभर दार ढकलले आणि 1991च्या दुरुस्तीने कडी लावली; शिकारीचा परवाना ही वस्तूच कायद्यातून गेली. मराठीत याच्या आगेमागे एक पालट दिसतो. व्यंकटेश माडगूळकर हे मुळात हौशी शिकारी. ‘नागझिरा’ लिहिताना त्यांच्या हाती दुर्बीण आणि वही आहे. मारुती चितमपल्ली तर वनखात्यातलेच. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि 2025 साली वारले. या दोघांच्या गद्यात जनावराचे अंतर, वाऱ्याची दिशा, पाचोळ्यावरचा पाऊल-आवाज हे सारे शिकाऱ्याच्या हिशेबानेच येते; शेवटी चाप ओढला जात नाही एवढेच. आमच्या काही सहकाऱ्यांना हे विधान पटत नाही. ते म्हणतात, शिकाऱ्याचा डोळा आणि निरीक्षकाचा डोळा मुळातच वेगळे. असतील, पण मग माडगूळकरांच्या वाक्यातला तो रोखलेला श्वास कोठून आला, ते त्यांनी सांगावे.

गडचिरोलीत भरमार बंदुका आता बातम्यांत येतात त्या पोलिसांकडे जमा झालेल्या म्हणून. चांद्याच्या रानालगतच्या गावांत धानाची राखण अजून मचाणावरून, डबे वाजवून चालते. आणि गावात वाघ शिरला तर वनखात्याचे पथक जी बंदूक घेऊन येते, तिच्यात औषधाची सुई असते. ती झाडणाऱ्या पशुवैद्याला अंतर पाहून वायूचा दाब ठरवावा लागतो आणि जनावराचे वजन नजरेने जोखून औषधाची मात्रा. कमी पडली तर ते अर्धवट शुद्धीत गर्दीवर येते, जास्त झाली तर उठत नाही.