स्मृती शाबूत, माणूस बदललेला

स्मृतिभ्रंश म्हटला की नावे विसरणारी वृद्ध व्यक्ती डोळ्यांपुढे येते. फ्रॉन्टोटेम्पोरल डिमेन्शिया हा विकार या चित्रात बसत नाही. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात, ऐन नोकरी-व्यवसायाच्या काळात गाठतो. मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांलगतचा भाग झिजू लागतो. स्मरणशक्ती सुरुवातीला बरीच टिकून राहते. ढासळतात ते स्वभाव, तारतम्य किंवा भाषा. प्रागमधील डॉ. अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाचे पहिले वर्णन केले. सर्वसामान्यांपर्यंत हे नाव पोहोचले ते मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये, अभिनेता ब्रूस विलिस याच्या कुटुंबीयांनी त्याचे निदान जाहीर केल्यावर.

कुटुंबाची पहिली गरज अचूक निदानाची असते. मितभाषी गृहस्थ अनोळखी माणसाला टोचून बोलतो, गोडावर तुटून पडतो, साठवलेला पैसा उधळतो, पत्नीच्या आजारपणानेही विचलित होत नाही. याला कधी व्यसन, कधी बाधा, कधी केवळ नैराश्य ठरवले जाते. त्यात वर्षे जातात. मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी आणि एमआरआय झाल्यावर उलगडा होण्याची शक्यता वाढते. विकार थांबवणारे औषध आजही नाही. अल्झायमरसाठी दिले जाणारे डोनेपेझिल येथे उपयोगी पडत नाही, उलट अस्वस्थता वाढवू शकते.

रुग्णाला स्वतःत काही बिघडले आहे याची जाणीवच नसते. त्यामुळे वाद घालणे, शपथा घालणे व्यर्थ ठरते; परिसर बदलणे अधिक उपयोगी. गल्लीतल्या मिठाईवाल्याला विश्वासात घेणे, खिशात थोडेच पैसे ठेवणे, रोजच्या फेरीचा रस्ता ठरवून देणे, असे उपाय साधे असले तरी त्यांनी दिवस सुसह्य होतो. सुरुवातीला अशा रुग्णाला रस्ते ओळखता येतात. तरीही नाशिकमध्ये २०२७च्या सिंहस्थासारख्या गर्दीत त्याला एकटे सोडणे धोक्याचेच.

आर्थिक बाजू सर्वांत दुर्लक्षित राहते. रुग्णाने दिलेले कुलमुखत्यारपत्र कायम चालेल, असा अनेकांचा समज असतो. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २०१नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपुष्टात येते. म्हणून संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र समज शाबूत असतानाच करून घ्यावे लागते. नोकरीत गैरवर्तनाचा ठपका निदानाआधीच बसतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६च्या कलम २०नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय किंवा ओझरचा विमान कारखाना अशा सरकारी कंपन्याही यात मोडतात. घाईने राजीनामा लिहून देण्यापूर्वी कुटुंबाने हे जाणून घ्यायला हवे.

काळजी घेणाऱ्याचे दुःख बहुधा कोणाला दिसत नाही. अर्ध्या तासासाठी आलेल्या पाहुण्यांना रुग्ण ठणठणीत वाटतो आणि तक्रार करणारी पत्नीच कठोर ठरते. समोरचा माणूस जिवंत असताना त्याला गमावल्याची भावना, त्यात आपुलकीचा एक शब्दही परत न मिळणे, यातून नैराश्य येते. अशा वेळी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. नातेवाइकांनी सल्ल्याऐवजी आठवड्यातून एक दुपार रुग्णाजवळ बसण्याची जबाबदारी घेतली, तर त्या घरातील बाईला निदान शांत झोप मिळते.