ईल : खंडापासून तळटिपेपर्यंत

'किंग लिअर'मध्ये उसळणारे काळीज आवरू पाहणाऱ्या राजाला विदूषक एका लंडनी बाईचा दाखला देतो. तिने जिवंत ईल कणकेत घातले आणि ते वळवळून डोके वर काढू लागताच काठीने मारून त्यांना खाली दटावले. आज हा विनोद तळटिपेवाचून उलगडत नाही. त्या काळच्या प्रेक्षकाला तो स्वयंपाकघरातूनच ठाऊक होता. एखादे अन्न ताटातून उठले की त्यावर पोसलेली भाषाही मुकी होते, एवढेच आम्हांला येथे सुचवायचे आहे.

युरोपातील हा ईल म्हणजे आपल्या कोकणातील वामेचा दूरचा नातलग. वाढतो मात्र नद्यांच्या गोड्या पाण्यात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो जवळजवळ चलनच होता. १०८६ च्या 'डूम्सडे बुक'मध्ये कित्येक गिरण्यांचा खंड ईलांच्या संख्येत नोंदलेला आहे. २५ ईलांची एक 'स्टिक' धरली जाई. ईली या गावाचे नावच या माशावरून पडल्याचे बीडने आठव्या शतकात लिहून ठेवले. चर्चच्या उपवासात मांस वर्ज्य, पण मासे चालत. शिवाय खारवलेला वा धुरावलेला ईल दीर्घकाळ टिके. मठांची कोठारे त्याने भरत, ती यामुळेच.

पुढे हाच जिन्नस फेरीवाल्याच्या पातेल्यात आला. हेन्री मेह्यूने १८५१ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर गरम ईल विकणाऱ्यांचे वर्णन केले आहे. स्वतःच्याच रसात थिजलेले ईल हे तर ईस्ट एंडच्या कष्टकऱ्यांचे ओळखचिन्ह ठरले.

१९५७ मध्ये थेम्स जैविकदृष्ट्या मृत म्हणून घोषित झाली. नदी नंतर सावरली. ईल सावरला नाही. उत्तर समुद्राकाठी येणाऱ्या त्याच्या पिलांचे प्रमाण १९६०–७९ च्या तुलनेत सुमारे एक टक्क्यावर आले आहे. बांध, प्रदूषण, अतिमासेमारी अशी कारणे सांगितली जातात. २००८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली, २०१० मध्ये युरोपीय संघाने निर्यात थांबवली. तरी पूर्व आशियाकडे पिलांची तस्करी चालूच राहिली. गरिबाचा घास आता चोरट्या व्यापाराचे धन झाला आहे.

'एक प्रकारचा मासा' एवढ्यावर थांबणारी तळटीप म्हणूनच अपुरी होय. विदूषकाच्या त्या बाईमागे खंड आहे, उपवास आहे आणि एक रिकामी होत गेलेली नदीही आहे. लिअर शिकवताना तेही सांगावे.