बलवर्धन व्यायामातील प्रगतिरोध

नियमित वजने उचलूनही ताकद अनेक आठवडे न वाढण्याची अवस्था. सुरुवातीची झपाट्याची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावातून येते. स्नायू मात्र सावकाश भरतात. म्हणून वेग मंदावणे स्वाभाविकच; वाढ पूर्ण थांबली, तर बहुतेक जण सेट वाढवतात. हा उपाय अनेकदा उलटा पडतो. अमेरिकन लष्करी डॉक्टर टॉमस डिलॉर्म यांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांसाठी क्रमाने वजन वाढवण्याची पद्धत मांडली, तेव्हा ते प्रत्येकी १० आवर्तनांचे ७ ते १० सेट करवून घेत. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ते ३ वर आणले. स्वतःचीच पद्धत अनुभवाने छाटण्याचा हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे.

म्हणून ताकद अडली की सेट वाढवण्याऐवजी आठवडाभर कमी करावेत. अशा विश्रांतीने कमावलेली ताकद जाईल, हा आक्षेप टिकत नाही: आठवडाभर सेट निम्मे केल्याने ती घटत नाही, साचलेला थकवा मात्र उतरतो. दुसरा आक्षेप रास्त आहे. मुळातच कमी व्यायाम करणाऱ्याला थकवा नव्हे, अपुरा भार अडवतो. त्याने वजन थोडे-थोडे वाढवावे. आपण कोणत्या गटात आहोत हे वजन, झोप आणि आहाराची नोंदवहीच सांगते; ती आजपासून ठेवावी.