केडगावचे खिळे

निम्मं आयुष्य पुण्यातल्या छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलं. डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, उजवा हात केसवर, म्हणजे खिळ्यांच्या घराघरांच्या पेटीवर. मराठी केस म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं अशी शेकडो घरं. त्यात खिळ्यावरचं अक्षर उलटं. घरं पाठ व्हायलाच महिने जायचे. म्हणून पंडिता रमाबाईंचं पुण्याजवळच्या केडगावचं मुक्ती मिशन म्हटलं, की मला आधी तिथला छापखाना आठवतो.

१८९६ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला आसरा दिला. तिथे शेती, गोठा, माग, तेलघाणा सगळं बायकाच सांभाळत. आंधळ्या टोपल्या विणत. आश्रमातल्या विधवा सासरीही राबतच होत्या, पण ते राबणं पापाची फेड समजलं जाई. इथे तेच राबणं देवाची सेवा झालं. ज्यांचा प्रभू सुताराच्या घरात वाढला आणि ज्यांचा पौल तंबू शिवून पोट भरायचा, त्यांना हे निराळं सांगावं लागू नये. तरी सांगावं लागतं, आम्हा ख्रिस्ती माणसांनाही.

१९०५ मध्ये तिथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या रात्रभराच्या प्रार्थनांना माझा नमस्कार. पण माझं मन रेंगाळतं ते केसपाशी उभ्या असलेल्या बायकांजवळ. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवू लागल्या. ते जुळवलं, छापलं आश्रमातल्याच बायकांनी. कालपर्यंत अक्षरओळख नसलेल्या कितीतरी जणी तिथे शिकल्या, आणि सुलटं अक्षर वाचता येतंय तोवर उलटं हाती आलं.

एकदा माझ्या हातून बांधलेलं पान निसटलं. दोन दिवस फरशीवर बसून खिळे वेचत होतो, मनात शिव्या घालत. केडगावातही पानं सांडली असणारच. बायबलची पानं काही थोडी नाहीत.

१९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. छापखाना चालू राहिला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.